कणीस नव्हतंच

म्हशीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. तिथे नुसती टणक हिरडी असते. म्हणून म्हशीच्या घशात हात घालणाऱ्याला ओरखडा उमटतो तो आतल्या दाढांचा, आणि तोही मनगटाच्या बराच वर. भिकुबाईच्या उजव्या हातावरचा ओरखडा तसाच होता. बोटाच्या पेराएवढा लांब, दोऱ्यासारखा बारीक, कोपराकडच्या टोकाला किंचित वाकलेला. पहिल्या दिवशी त्यातून रक्ताचे चार-दोन थेंब आले होते. आता त्यावर खपली धरली होती आणि खपलीच्या कडा सुटायला लागल्या होत्या. भाकरी थापताना तो पिठाखाली झाकून जाई, आणि हात धुतला की पुन्हा दिसे.

या हाताचं आसपासच्या गावांत नाव होतं. भिकुबाई अंगाने बारीक, हात तर त्याहून बारीक. साठी उलटली तरी बांगड्यावाली तिच्या मापाच्या बांगड्या शाळकरी मुलींच्या पेटीतून काढायची. गाई-म्हशीच्या घशात मक्याचं कणीस नाहीतर आंब्याची कोय अडकली, की पुरुषांचा पंजा जिथे थांबे तिथून पुढे तिचा हात जाई. लग्न होऊन आली त्या वर्षी सासऱ्याच्या गाईच्या घशात कोय अडकली होती, चार बाप्ये थकून बसले होते, आणि या नव्या सुनेने कोणाला न विचारता पदर खोचून हात घातला होता. तेव्हापासून तिला बोलावणं यायचं. नवरा वना चावडीवर सांगायचा, “मन्ही बायकोना हात ढोरंसना घसामा, नी तिनं बोलनं मन्हा घसामा.” आणि सांगताना त्याची मान ताठ व्हायची.

या वेळचं बोलावणं मात्र लेकीच्या सासरहून आलं होतं. रत्नाचं सासर पारोळ्याच्या अलीकडे, धुळे रस्त्यावरच्या एका फाट्यापासून आत. सकाळीच तिचा फोन आला. “माय, चंद्री खात नही, पीत नही. तोंडमाईन लाळ गळी राहिनी. मामंजी म्हनतस, कणीस अटकेल शे. तू लवकर ये.”

भिकुबाई पोचली तेव्हा चंद्री गोठ्याच्या दाराशी उभी होती. तोंड उघडं, लाळेची दोरी जमिनीपर्यंत लोंबलेली. मधूनच ती ओरडायची, पण आवाज तिचा नव्हता; घोगरा, फाटका. रत्नाचे सासरे पितांबर आबा यांनी शिंगं धरली. जावई समाधान दीपनगरच्या वीज केंद्रात कामावर होता, म्हणून मागचा दोर रत्नाने धरला. शेजारची कुंदाबाई कापूस वेचायला निघाली होती, ती ओटी तशीच बांधलेली ठेवून धावून आली, आणि म्हशीच्या तोंडाचा फेस दोन्ही हातांनी निपटून काढू लागली, म्हणजे भिकुबाईला जबडा धरता यावा.

भिकुबाईचा हात आत गेला. जनावराचा घसा एरवी हाताला आवळतो, बाहेर ढकलतो. या खेपेला तो सैल लागला. ओल्या पिशवीत हात घातल्यासारखा. तिने बोटं फिरवली, आणखी खाली गेली. कणीस नव्हतं. काहीच नव्हतं. चंद्रीने मान झटकली तेव्हा दाढ लागली, आणि तिने हात बाहेर काढला.

सगळे तिच्याकडे पाहत होते. इतक्या वर्षांत तिचा हात कधी रिकामा आला नव्हता.

“खाल सरकी गयं व्हई,” ती म्हणाली.

पितांबर आबांनी सुस्कारा सोडला. कुंदाबाई म्हणाली, “मी सांगेलच व्हतं, अक्काना हात लागना म्हंजे व्हयनंच.” हौदाच्या पाण्याने सगळ्यांनी हात खळबळले. रत्नाला अजून मूल नव्हतं, आणि जुन्या रीतीप्रमाणे तोवर भिकुबाई लेकीच्या घरचं पाणीही तोंडाला लावत नसे. ती तशीच कोरड्या घशाने फाट्यावर चालत गेली.

दुसऱ्या दिवशी चंद्री पाय झाडत पडली आणि मेली. आबांनी तिला शेताच्या बांधाला मीठ घालून पुरलं.

*

पुढे काही दिवसांनी भिकुबाईच्या गावात लाळ्या-खुरकूतची लस टोचायला डॉक्टर आले. श्रेयांस डॉक्टर पारोळ्याच्या नेमीचंद शेठचा मुलगा. बापाचं कापडाचं दुकान सोडून पोरगा ढोरांचा डॉक्टर झाला, याचं बाजारपेठेत पुष्कळ दिवस हसू झालं होतं. आता तेच लोक त्याला फोन करत. लहानपणापासून गिऱ्हाइकांची अहिराणी ऐकल्यामुळे त्याला म्हाताऱ्यांशी बोलायला अडचण पडत नसे.

भिकुबाई आपली गाय धरून उभी होती. गप्पा मारता मारता तिने हसत सांगितलं, “डाक्टर, तुमना धंदामा मन्ही लुडबूड शे. पन औंदा मन्हा हात पहिल्यांदा रिकामा उना.”

“काय झालं होतं?”

तिने सांगितलं. श्रेयांस सुई भरत होता. आधी त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, “पाणी प्यायला जात होती का ती?”

“जाये, नी पेता ये ना.”

“आवाज?”

“घोगरा.”

“घसा हाताला आवळत होता?”

भिकुबाईने त्याच्याकडे पाहिलं. ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती. “सैल व्हता. तुले कसं माहीत?”

श्रेयांसने सुई खाली ठेवली. “अक्का, हात दाखवा.”

त्याने ओरखडा पाहिला, बोट न लावता, नुसतं वाकून. मग तिला हातपंपावर नेलं, पिशवीतला साबण दिला आणि स्वतः पंप मारत राहिला. ती हात धूत होती आणि तो थांबू देत नव्हता.

“अरे, इतला दिन व्हई गया. आते धुईसन काय?”

“धुतलेलं वाया जात नाही. अजून धुवा.” पाण्याची धार चालू ठेवत तो बोलत होता. “त्या म्हशीला मागे कुत्रं चावलं असणार. पिसाळलेल्या जनावराचा घसा लुळा पडतो, त्याला गिळता येत नाही, म्हणून लाळ गळते. लोकांना वाटतं काहीतरी अडकलंय, आणि ते हात घालतात. आमच्या पुस्तकात ही चूक पहिल्या पानावर असते, आणि तरी डॉक्टर लोकही करतात.”

“पुरी टाकेल शे ती. आते खरंखोटं कोन सांगी?”

“कोणीच नाही. म्हणून तर खात्रीची वाट बघायची नसते. तुम्ही उद्या धुळ्याला जा. या आजाराचं एकच आहे, अक्का. लक्षण दिसायच्या आधी सुई घेतली तर माणूस वाचतो. दिसल्यावर मग माझ्याकडेही काही नाही आणि मोठ्या डॉक्टरकडेही नाही.”

भिकुबाईने हात पदराला पुसला. “तू तर रोजच ढोरंसना तोंडमा हात घालस. तुले?”

“मी आधीच घेऊन ठेवली आहे.”

“चावाना आधी?”

“हो. आमच्या धंद्यात सगळ्यांनी घ्यायची. मला आता काही झालं तर दोन सुयांवर भागेल. तुमची आधीची नाही, म्हणून तुम्हाला पुऱ्या घ्याव्या लागतील, आणि जखमेपाशी वेगळं औषध.”

“बरं शे भाऊ. भूक लागाना आधीच जेवन.” ती हसली, पण हसू ओठावरच राहिलं.

“हातमोजे घालत चला निदान.”

“मोजा घाला तर कणीस हाताले कसं समजी?”

श्रेयांसने साबण पिशवीत ठेवला. त्याने दुसरंच विचारलं. “म्हैस कोणाची? अजून कोणाकोणाचा हात लागला होता?”

भिकुबाईने गाईच्या दाव्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. “लांबना पाव्हना. मी एकलीच व्हतू.”

“नीट आठवा. कोणी असलं तर त्यांनाही पाठवा.”

“एकलीच,” ती म्हणाली.

*

खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि म्हणून ते घशात कुसळासारखं टोचत राहिलं. पण तिला भाईदासचं घर आठवलं होतं. रत्नाच्याच गावात, मागे एकदा भाईदासची गाय अशीच मेली, आणि कोणीतरी म्हणालं की ती पिसाळली होती. डेअरीने त्याच्या घरचं दूध घ्यायचं बंद केलं. दूध तापवलं की भीती नसते हे डॉक्टरांनी येऊन सांगितलं, तरी लोकांनी ऐकलं नाही. त्याच्या घरचं ताकसुद्धा कोणी नेईना. शेवटी भाईदासने राहिलेली जनावरं बाजारात नेली आणि गोठ्यात कडबा भरला. आबांच्या गोठ्यात अजून दोन म्हशी होत्या. ते घर त्या दुधावर उभं होतं, आणि त्या घरात तिची लेक होती.

तिने रत्नाला फोन केला. सगळं सांगितलं.

“पोळाना टायमाले एक कुत्रं गोठामा घुसेल व्हतं,” रत्ना हळू आवाजात म्हणाली. “मी हाकली दिधं. चंद्रीना नाकले बारीक जखम व्हती. माले वाटनं, तार लागनी.”

“तुले लाळ लागनी का?”

“पानीनी बादली तिना तोंडशी मीच धरू.”

“हातले जखम व्हती?”

“विळा लागेल व्हता. अंगठाले.”

भिकुबाई म्हणाली, “सकाळनी पहिली बस धर. धुळाले ये.”

“आठे काय सांगू?”

“सांग, मायना डोळा तपासाना शेत.”

“माय,” रत्ना म्हणाली, “कोनले सांगू नको. मामंजीसले तर नहीच. डेअरीवाला…” ती रडत नव्हती, पण आवाज वर-खाली होत होता. “मीच तुले बलावं. मीच कुत्रं पाहेल. बठ्ठं मन्हावर येई.”

“नही सांगाव,” भिकुबाई म्हणाली. लेकीला शब्द दिला.

*

धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात कुत्रं चावलेल्यांची रांग वेगळी होती, आणि ती लांब होती. पुढे एक तरुण होता, त्याला सासुरवाडीच्या कुत्र्याने धरलं होतं. “कुत्रं ओळखीचं होतं का?” असं विचारल्यावर तो म्हणाला, “माझ्यापेक्षा त्याला तिथं जास्त मान आहे,” आणि रांग हसली. भिकुबाईही हसली. मग तिला आठवलं की आपण कशाला आलो आहोत.

सुलक्षणा सिस्टर पन्नाशीच्या, हलक्या हाताच्या. त्यांनी भिकुबाईच्या दोन्ही दंडांवर बारीक सुया टोचल्या, त्या मुंगीसारख्या लागल्या. ओरखड्याभोवतीचं औषध मात्र जड होतं. “इथं दुखेल, मावशी. रागावू नका,” त्या म्हणाल्या. भिकुबाईने दात आवळून छताकडे पाहिलं. रत्नाच्या अंगठ्यावरची विळ्याची जखम भरून आली होती, नुसती पांढरी रेघ राहिली होती. सिस्टरांनी तिथेही औषध भरलं.

“पन हिले तर चावेल नही,” भिकुबाई म्हणाली. तिला वाटत होतं की कोणीतरी म्हणेल, हिला नको.

“चावायलाच पाहिजे असं नाही. लाळ उघड्या जखमेवर लागली की झालं. जखम म्हणजे फार मोठी लागत नाही. साधं खरचटलेलं पुरतं.” सिस्टरांनी कापूस दाबून धरला. “घरात आणखी कोणी आहे का?”

भिकुबाईने रत्नाकडे पाहिलं, रत्नाने जमिनीकडे. सिस्टर थांबल्या, मग पुढच्या माणसाला हाक मारली. “राहिलेल्या सुया चुकवू नका,” तेवढं म्हणाल्या.

बाहेर बाकावर एक बाई बसली होती, पोटरीला फडकं बांधलेली. तिने दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते. कापसाच्या वेचणीचे हात. बोंडाची सुकलेली टोकं सुईसारखी असतात; दिवसभर वेचणी केली की बोटांच्या कडा आणि नखांची मुळं फाटून जातात, भरतात न भरतात तोच दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटतात. त्या बाईच्या बोटांवर जुन्या-नव्या रेघांची जाळी होती. भिकुबाईने ते हात पाहिले. रत्नानेही पाहिले. दोघींनी एकदमच नजर वळवली.

बसमध्ये रत्ना खिडकीकडे पाहत म्हणाली, “कुंदामावशीनी हौदवर हात धुयेल व्हता.”

“साबन व्हता?”

“…नही.”

फाटा जवळ आला तेव्हा रत्ना उठली. “मी तिले सांगसू. एकलीले. दुसराले कळू देऊ नही.”

“तिना तोंडमा तीळ भिजस का?”

“नही भिजत,” रत्ना म्हणाली. “तरी सांगसू.”

*

दुसऱ्या सुईच्या वेळी भिकुबाईने लेकीला बसस्टँडवर पाहिलं आणि विचारायच्या आधीच तिला कळलं.

“जमनं नही,” रत्ना म्हणाली. “दोनदा गयू तिना घर. एकदा तिनी सून व्हती. एकदा ती एकलीच व्हती.” तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “एकली व्हती तवय बी जमनं नही. तिनी माले गरम भजा खावाले दिधात, माय.”

त्या दिवशी सुई मुंगीसारखीसुद्धा लागली नाही. भिकुबाईचं लक्षच नव्हतं. सिस्टरांनी पुढच्या खेपेचं सांगितलं, तिने मान हलवली. घरी वनाने एवढ्यात दोनदा विचारलं होतं, की सुई टोचून घेतल्यावर माणसाला बरं वाटायला पाहिजे, तू सुकत का चालली आहेस. त्याला तिने ओरखड्याचं सांगितलं होतं, पण कुंदाबाईचं नाही. वनाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता की लेकीच्या सासरी आपण तोंड उघडू नये. ते खरंच होतं. मुलीच्या घरात मुलीची आई म्हणजे दारातली पाहुणी. सण असो, दुखणं असो, भांडण असो, तिने ऐकायचं आणि मान डोलवायची. भिकुबाईने ही रीत इतकी वर्षं पाळली होती, की ती पाळतेय हेही तिला जाणवत नसे.

बस फाट्याला थांबली. रत्ना उतरली, आणि तिच्यामागे भिकुबाईही.

“माय, तुनं तिकीट पारोळानं शे.”

“ऱ्हाऊ दे.”

“कसाले उतरनी?”

“ईहीसले भेटाले.”

रत्ना रस्त्यावरच उभी राहिली. बस गेली, धूळ बसली. “माय, तू शब्द देयेल शे.”

“देयेल शे,” भिकुबाई म्हणाली, आणि चालू लागली. रत्ना तिच्या मागे होती, मग बरोबर आली. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती, आणि मधूनमधून डोकी वर येऊन पुन्हा पांढऱ्यात बुडत होती.

पितांबर आबा अंगणात बाजेवर बसले होते. “या, ईहीनबाई, या. पानी तर तुम्ही पेतस नही, मंग बसा तरी.” ते रत्नाला म्हणाले, “डोळा बरा शेत ना तुनी मायना?”

“बरा शेत,” भिकुबाईनेच उत्तर दिलं.

गोठ्यात दोन म्हशी रवंथ करत होत्या. तिसरा खुंटा रिकामा होता, आणि त्याच्याभोवतीची जमीन अजून चंद्रीच्या पायांनी खळगा पडलेलीच होती. आबांची नजर बोलताना सारखी तिकडे जात होती. “पारडी व्हती तवयपासून मन्हा हातनं खाये,” ते म्हणाले. “समाधाननी मायनंतर माले घरमा वळखनारी तीच एक. मन्ही सायकल फाट्यावरथून वळनी का ओरडाले लागे.” ते थांबले. “कणीसच व्हतं ना, ईहीनबाई?”

भिकुबाईने काही म्हणायच्या आधी तेच पुढे बोलले. “मी बठ्ठासले तेच सांगस. लोक येतस, इचारतस, काय व्हयनं, कुत्रं तर नही चावनं? मी म्हनस, अरे, भिकुबाईनी सोता हात घालीसन पाहेल शे. तिनी सांगं, खाल सरकनं. तिना हात कधी चुकना का? मंग लोक गप बसतस.”

भिकुबाई पायरीवर बसली होती. तिच्या डोळ्यांपुढे तो क्षण आला, रिकामा हात बाहेर काढल्याचा, आणि सगळ्यांच्या नजरा चुकवायला पटकन बोलून टाकलेल्या चार शब्दांचा. ते शब्द तिने लाजेपोटी उच्चारले होते. त्यानंतर ती विसरून गेली होती, आणि इथे या अंगणात ते रोज कोणाला ना कोणाला सांगितले जात होते. गावाला भीती वाटली असती, कोणीतरी डॉक्टरला विचारलं असतं, कुंदाबाई कदाचित आपणहून दवाखान्यात गेली असती. गाव तिच्या शब्दावर निर्धास्त होतं. रत्नाने सांगितलं असतं तरी कोणी मानलं नसतं. भिकुबाईपेक्षा हिला जास्त कळतं का, असंच म्हणाले असते.

“आबा,” तिने सुरुवात केली.

“अक्का उनी का!” फाटकातून कुंदाबाईचा आवाज आला. डोक्यावर कापसाचं गाठोडं, ओटीत आणखी कापूस. तिने गाठोडं धपकन टाकलं, कमरेवर हात देऊन उभी राहिली. “बरं व्हयनं उनी. तुना हात दोन दिन मन्हा घर पाठाड. मन्ही सूनना घसामा शब्द अटकेल शे. पोरगा उना म्हंजे पोपटसारखी बोलस, मी इचारं का एक शब्द बाहेर येत नही.”

आबा हसले. रत्ना हसली नाही.

“रत्ना, काय वं, तोंड कसाले पाडेल शे? मायनी मारं का?” कुंदाबाई भिकुबाईच्या शेजारी पायरीवर टेकली. बसता बसता तिने बोटं तोंडाशी नेली आणि एका नखाजवळची सुटलेली साल दातांनी तोडली. तिथे रक्ताचा ठिपका आला. तिने तो लुगड्याला पुसला. “बोंडंसनी पार चिंध्या करी टाक्यात बोटंसन्या. मीठमिरची लागनी का जीव जास.”

भिकुबाई तिच्या बोटांकडे पाहत राहिली. बाकावरच्या त्या अनोळखी बाईचे हात पाहताना तिला नजर वळवता आली होती. इथे वळवायला जागा नव्हती. कुंदाबाईचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागला होता.

दूध घालायची वेळ झाली होती. गल्लीतून किटल्या घेऊन बाया-माणसं डेअरीकडे निघाली होती. भाईदास रिकाम्या हाताने कुठेतरी चालला होता, तो फाटकाशी थांबून म्हणाला, “राम राम, ईहीनबाई. कणीस काढनारी बाई!” आणि त्याच्यामागचे दोघं-तिघं हसत थांबले. आबांनी त्यांना हात करून आत बोलावलं, कारण पाहुणी आली की शेजाऱ्यांनी दोन शब्द बोलून जायचे असतात.

भिकुबाईला वाटलं, हे आत यायच्या आधी कुंदाच्या कानात सांगावं. एवढंच करावं. कुंदा घाबरेल, उठेल, रडेल. आणि मग अर्ध्या तासात ते भलतंच होऊन गावभर फिरेल, रत्नाच्या नावाने. लपवलेलं म्हणून फिरेल. आणि आबांनी शिंगं धरली होती, त्यांच्याही हाताला लाळ लागली असणार. त्यांच्या कानात कोण सांगणार?

तिने रत्नाकडे पाहिलं. रत्ना गोठ्याच्या खांबाला टेकून उभी होती. तिचा हात अंगठ्यावर होता, त्या पांढऱ्या रेघेवर. तिने आईकडे पाहिलं, आणि बराच वेळ तशीच पाहत राहिली. मग तिने मान हलवली. नाही म्हणून नव्हे.

भिकुबाई पायरीवरून उठली. लेकीच्या सासरच्या अंगणात ती पहिल्यांदाच अशी मधोमध उभी राहिली, आणि आवाज फाटकापर्यंत जाईल इतका मोठा काढला.

“आबा, चंद्रीना घसामा कणीस नव्हतं. मी सांगेल ते खोटं व्हतं. मन्हा हातले काहीच लागनं नही, नी माले लाज वाटनी, म्हनीसन मी बोलनू. तिले कुत्रं चावेल व्हतं. डाक्टरनी माले सांगेल शे, नी मी नी रत्ना दोन्ही सुई लेवाले लागेल शेतस. कुंदा, तिनी लाळ तुन्या ह्या फाटेल हातंसले लागेल शे. आबा, तुमलेबी. सकाळनी पहिली बस. दोन्हीजन मन्हासंगे धुळाले चाला.”